दिवे लावून बंद पाडलेल्या सिनेमाबद्दल, आपल्या फिल्म क्लबच्या समितीला खुलं पत्र

आपल्या फिल्म क्लबच्या निवड समितीला, आणि त्या रविवारी हॉलमध्ये असलेल्या सगळ्यांना,

नमस्कार.

हे सगळं मी आधी क्लबच्या ग्रुपवरच लिहिणार होते, पण सोमवार सकाळपासून ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतील असं सेटिंग केलंय, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. समितीतल्या निम्म्या लोकांना मी काका-काकू म्हणते. आपल्यासारख्या गावात, जिथे दोन थिएटर आणि दोन्हीकडे एकच पिक्चर असतो, तिथे तुम्ही अकरा वर्षं दर महिन्याला पदरचे पैसे घालून जगभरातले सिनेमे दाखवलेत, हे मी विसरलेले नाही. त्यातले कितीतरी सिनेमे माझ्या आयुष्याचा भाग झालेत. म्हणूनच जे झालं त्यावर गप्प बसणं मला जमत नाहीये.

जे त्या दिवशी नव्हते त्यांच्यासाठी सांगते. गेल्या महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी 'ला कासा लोबो', म्हणजे लांडग्याचं घर, हा चिली देशातला सव्वा तासाचा स्टॉप मोशन, म्हणजे एकेक फोटो काढून जोडलेला, ॲनिमेशन सिनेमा लावायचं ठरलं होतं. नाव मी सुचवलं होतं. सोबत दोन पानांची ओळख लिहून दिली होती, आणि त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की हा सिनेमा मोठ्यांसाठी आहे, लहान मुलांना आणू नका. पोस्टरवर मात्र छापलं गेलं 'ॲनिमेशन! परीकथा! सहकुटुंब या!' झालं, लोक मुलांना घेऊन आले, पुढच्या दोन रांगा मुलांनीच भरल्या, पोरांच्या हातात पॉपकॉर्न. माझी ओळख वाचायला वेळ नाही म्हणून कुणी वाचली नाही. आणि साधारण अर्ध्या तासानं, भिंतीवरचं एक डोकं वितळून खाली ओघळतं आणि त्यातून दुसरं डोकं तयार होतं त्या जागी, पुढच्या रांगेतला पाच-सहा वर्षांचा एक मुलगा मोठ्यानं रडायला लागला, त्याचं बघून अजून दोघं, आयांनी आरडाओरडा केला, कुणीतरी हॉलचे दिवे लावले, प्रोजेक्टर बंद. मग त्याच पडद्यावर एक विनोदी मराठी सिनेमा लागला.

त्या मुलाची मला अजून आठवण येते. तो घाबरला त्यात त्याची काही चूक नाही आणि त्याच्या आईची तर अजिबात नाही. तिनं पोस्टर वाचलं आणि विश्वास ठेवला. मी त्या घरी जाऊन माफी मागून आलेय, कारण सिनेमा मी सुचवला होता, दारात उभं राहून कोण कुणाला घेऊन आत चाललंय हे मीही बघायला हवं होतं.

पण दुसऱ्या दिवशी समितीचा जो निरोप आला त्यात पोस्टरबद्दल एक अक्षर नव्हतं. त्यात होतं की सिनेमा 'विकृत' निघाला, यापुढे क्लबमध्ये 'असलं डार्क ॲनिमेशन' दाखवलं जाणार नाही, आणि पुरावा म्हणून खाली चार रिव्ह्यूंचे स्क्रीनशॉट. म्हणजे चूक केली आपण आणि शिक्षा झाली सिनेमाला. हे मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते एकेक करून सांगते.

सगळ्यात आधी ते 'ॲनिमेशन म्हणजे मुलांचं' हे. हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही, सगळीकडे आहे, पण फिल्म क्लब म्हणवणाऱ्यांनी तरी तसं धरून चालू नये ना. चित्र हलतंय म्हणून ते लहानांचं कसं होईल? आपण हातानं काढलेलं चित्र भिंतीवर टांगतो तेव्हा ते पोरांसाठी आहे असं कुणी म्हणत नाही. आणि परीकथेचंही तेच. ग्रिम बंधूंनी १८१२ साली पहिल्यांदा ज्या गोष्टी छापल्या त्यात सख्ख्या आया पोरांना जंगलात सोडून येत होत्या, पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्यांनीच त्या आयांना सावत्र करून टाकलं, कारण पुस्तक मुलांच्या हातात जायला लागलं होतं. म्हणजे गोष्ट आधी काळोखाची होती, गोड नंतर केली गेली. 'परीकथा' हा शब्द पोस्टरवर छापताना एवढा तरी विचार हवा होता.

आता रिव्ह्यूंकडे येते, कारण निर्णय तुम्ही त्यांच्यावर सोडलाय. चारपैकी एकात लिहिलंय 'गोष्टच नाही', एकात 'दिग्दर्शकाचं डोकं ठिकाणावर आहे का', एकात 'टेक्निक भारी पण डोकं दुखतं', आणि चौथ्यात फक्त पाचपैकी दीड स्टार. एकाही रिव्ह्यूत, मी परत परत वाचून बघितलं, एकाही रिव्ह्यूत ही गोष्ट कोण सांगतंय हा प्रश्न नाही. आणि सगळा सिनेमा त्याच प्रश्नावर उभा आहे.

सिनेमा सुरू होतो तो जाहिरातीसारखा. चिलीच्या दक्षिणेतली जर्मन लोकांची एक वसाहत, कष्टाळू माणसं, डोंगर, मध. एक मऊ, जर्मन वळणाचा आवाज सांगतो की आमच्याबद्दल वाईटसाईट अफवा पसरल्यात, म्हणून आमच्याच संग्रहातला हा सिनेमा तुम्हाला दाखवतोय. मग मारियाची गोष्ट. मारियाच्या हातून डुकरं सुटतात, तिला शिक्षा होते, ती वसाहतीतून पळते, जंगलातल्या एका घरात लपते. घरात दोन डुकरं असतात, ती त्यांना जीव लावते, त्यांना हातपाय फुटतात, ती माणसाची पोरं होतात, पेद्रो आणि आना. बाहेर लांडगा फिरतोय, तो गोड आवाजात मारियाला हाका मारतोय. आणि लांडग्याचा आवाज आणि सुरुवातीचा तो मऊ आवाज एकच आहे.

हे कळलं की सगळा सिनेमा उलटा होतो. आपण बघतोय ती पळालेल्या मुलीची गोष्ट नाहीये, पळालेल्या मुलीबद्दल तिला कोंडणाऱ्यांनी केलेली गोष्ट आहे. बघा, पळून गेलीस तर तुझं असं होईल. दिग्दर्शकांची, म्हणजे क्रिस्तोबाल लिओन आणि होआकिन कोसिन्या यांची कल्पनाच ही, की अशा वसाहतीच्या म्होरक्यानं स्वतः मुलांसाठी परीकथेचा सिनेमा काढला असता तर तो कसा दिसला असता. मग तो सिनेमा बघताना पोटात कालवाकालव होणारच, ती व्हावी म्हणूनच तो तसा बनवलाय. 'विकृत' हा शब्द तुम्ही वापरलात तो चुकीचा नाही, फक्त तो सिनेमाला लावलात, ज्या माणसाचा आवाज सिनेमा ऐकवतोय त्याला लावायला हवा होता.

कारण ती वसाहत खरी होती. कोलोनिया दिग्निदाद, नावाचा अर्थ सन्मानाची वसाहत. सांतियागोच्या दक्षिणेला साधारण साडेतीनशे किलोमीटरवर, पार्राल गावाजवळ, १९६१ साली पॉल शेफर नावाच्या जर्मन माणसानं ती वसवली. हा शेफर जर्मनीतून पळून आला होता ते मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या आरोपांमुळे. वसाहतीत आईबापांना आणि मुलांना वेगळं ठेवलं जायचं, भोवती काटेरी तारा, पहारे. आणि बाहेरच्या जगासाठी काय, तर मोफत दवाखाना. आसपासचे गरीब चिलियन लोक तिथे जाऊन बरे होऊन यायचे आणि दुवा द्यायचे. १९७३ मध्ये पिनोचेतची लष्करी राजवट आली, तिच्या गुप्त पोलिसांनी, दिना नाव त्यांचं, राजकीय कैद्यांना याच वसाहतीत आणून छळलं, काहींचा पुढे पत्ताच लागला नाही. शेफर १९९७ मध्ये फरार झाला, २००५ मध्ये अर्जेंटिनात सापडला, २००६ मध्ये मुलांवरच्या अत्याचारांसाठी त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली आणि २०१० मध्ये तो तुरुंगात मेला. २०१६ साली जर्मनीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर कबूल केलं की त्यांच्या वकिलातीनं वर्षानुवर्षं तिकडे काणाडोळा केला. वसाहत आज नाव बदलून उभी आहे, तिथे पर्यटक जातात, जेवतात, राहतात.

हे सगळं माझ्या दोन पानांत होतं. दहा मिनिटांत वाचून झालं असतं.

पण एक नक्की सांगते, हा इतिहास माहीत नसेल तर सिनेमा कळत नाही असं अजिबात नाही. हेही काही लोक म्हणतात, की ज्यांना चिलीचं राजकारण माहीत त्यांच्यासाठी आहे, आपल्याला काय. मी २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये लॅपटॉपवर हा सिनेमा पहिल्यांदा बघितला तेव्हा मला कोलोनिया दिग्निदादचं नावही माहीत नव्हतं. तरी सिनेमा संपल्यावर मी किती वेळ बसून होते. का ते आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मी एवढं जीव तोडून का लिहितेय ते तुम्हाला कळणार नाही.

पाचवी ते दहावी मी एका निवासी शाळेत होते. शाळेचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. शाळा चांगली होती असंच सगळे म्हणायचे, निकाल चांगला, शिस्त चांगली, बाहेरून बघायला येणारे पाहुणे खूश होऊन जायचे. शनिवारी दुपारी आम्हाला घरी पत्र लिहायला बसवायचे. एकेक इनलँड लेटर मिळायचं. रेक्टर बाई फळ्यावर लिहून द्यायच्या, 'मी येथे खुशाल आहे. अभ्यास चांगला चालू आहे. जेवण वेळेवर मिळते. माझी काळजी करू नये.' आम्ही ते उतरवून काढायचो. चिकटवायचं नाही, उघडंच द्यायचं, त्या वाचायच्या आणि मग जायचं. पहिल्या महिन्यात मी शेवटी एक ओळ जास्त लिहिली होती की आई मला घेऊन जा. ते पत्र माझ्या हातात परत आलं, नवं इनलँड मिळालं, आणि रात्रीचं जेवण मिळालं नाही. शाळेच्या कुंपणापलीकडे ओढा होता आणि ओढ्यापलीकडे गाव, आम्हाला सांगितलेलं होतं की तिकडे पोरं पळवणारे लोक असतात. सहा वर्षांत मी तो ओढा एकदाही ओलांडला नाही.

आणि आता मला जे लिहायला जड जातंय ते. आठवीत मला मॉनिटर केलं. शनिवारची पत्रं रेक्टर बाईंकडे जायच्या आधी मॉनिटरनं बघायची असा नियम होता. पाचवीतली एक मुलगी होती, नवीन, तिनं तेच लिहिलं होतं जे मी लिहिलं होतं. मी ते पत्र फाडलं. तिला म्हणाले, परत लिही, तुझ्याच भल्यासाठी सांगतेय. मला तेव्हा खरंच वाटत होतं की मी तिला वाचवतेय.

मारिया हेच करते. ती पळून आलेली आहे, तिनं भोगलेलं आहे, आणि तरीही त्या घरात ती पेद्रो आणि आनाला वाढवायला लागते तेव्हा तिच्या तोंडून वसाहतच बोलायला लागते. बाहेर जाऊ नका, बाहेर लांडगा आहे. माझं ऐका, मला तुमची काळजी आहे. घरात आग लागते, पोरं भाजतात, ती त्यांना मध देऊन बरं करते आणि बरी झालेली पोरं गोरी, सोनेरी केसांची होऊन उठतात. सगळ्या सिनेमात मला हा प्रसंग सगळ्यात भयंकर वाटतो, आणि तो किती हळुवारपणे दाखवलाय. तिला वाटतंय ती माया करतेय. तिला माया दुसऱ्या कुठल्या प्रकारे करता येते हेच माहीत नाही, कारण तिला कुणी शिकवलेलं नाही. आणि शेवटी अन्न संपतं, पोरं तिच्यावरच उलटतात, तेव्हा ती मदतीला कुणाला हाक मारते? ज्याच्यापासून पळाली त्यालाच.

काका-काकूंनो, तुम्ही दिवे लावलेत ते याच्या बऱ्याच आधी. हॉलमधल्या कुणीच हे बघितलेलं नाही. समितीनंही नाही. अर्धवट बघितलेल्या सिनेमावर कायमची बंदी आली, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे.

'गोष्टच नाही' म्हणणाऱ्यांना मला आपल्याच गोष्टीची आठवण करून द्यायचीय. चिऊताईचं घर मेणाचं, कावळ्याचं घर शेणाचं. पाऊस आला, शेणाचं घर वाहून गेलं, कावळा दार वाजवतोय, चिऊताई चिऊताई दार उघड, आणि आतून उत्तर, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब, माझ्या बाळाला काजळ लावते. आपण सगळे ही गोष्ट ऐकत ऐकत झोपलोय. एक दार, आत एक आई, बाहेर हाका मारणारा कुणीतरी, आणि दार उघडलं की काय होणार ही धाकधूक. माझी आजी जी सांगायची त्यात शेवटी कावळ्याला तव्यावर बसवतात आणि तो भाजतो. ती ऐकताना आम्ही भेदरून गोधडीत शिरायचो आणि परत सांग म्हणायचो. ला कासा लोबोमध्ये याहून वेगळं काय आहे? तेच दार आहे, फक्त ते कुणाच्या बाजूनं सांगायचं ते बदललंय. मी लहानपणी कायम चिऊताईच्या बाजूनं होते. होस्टेलला गेल्यावर पावसात भिजणाऱ्या कावळ्याचं वाईट वाटायला लागलं. आणि हा सिनेमा बघितल्यावर पहिल्यांदा विचार आला की त्या मेणाच्या घरातल्या बाळाला कुणी काही विचारलंय का.

टेक्निकबद्दल थोडं, कारण 'टेक्निक भारी पण' असं म्हणून तो विषय संपवला जातो आणि ते मला पटत नाही. मी चित्रकलेची शिक्षिका आहे, वीस वर्षं मुलांच्या हातात कागदाचा लगदा, डिंक, मास्किंग टेप देतेय, त्यामुळे हे मला जास्त जवळून दिसतं. या सिनेमात छोटे सेट आणि छोट्या बाहुल्या नाहीयेत. खऱ्या खोल्या आहेत, खऱ्या मापाच्या, त्यांच्या भिंतींवर रंगवलंय, एक फोटो काढायचा, मग त्याच चित्रावर पुढचं चित्र रंगवायचं, परत फोटो. मारिया भिंतीवर चित्र म्हणून चालत येते, कोपऱ्यात आली की भिंतीतून बाहेर पडून कागद, टेप आणि काड्यांची होते, आपल्या डोळ्यांदेखत तिच्या अंगाचा एकेक थर चढतो, आणि परत उसवून भिंतीत जाते. आधीच्या चित्राचे ओघळ, पुसलेल्या रेषा, चिकटपट्ट्यांचे तुकडे तसेच दिसतात. सगळा सिनेमा कुठेही न तुटता एकच सलग शॉट असल्यासारखा पुढे सरकतो. पाच वर्षं लागली याला, आणि हे काम त्यांनी बंद स्टुडिओत नाही तर चिली, जर्मनी, मेक्सिको अशा देशांतल्या म्युझियम आणि गॅलऱ्यांमध्ये केलं, लोकांसमोर, लोक येऊन बघून जायचे.

आता मला सांगा, हे 'टेक्निक' गोष्टीपासून वेगळं काढता येतं का? कोंडून ठेवलेल्या माणसाला स्वतःचं अंगच आपलं वाटत नाही, आज असं, उद्या दुसऱ्यानं ठरवलं तसं. त्या घरात एकही वस्तू दोन मिनिटं एका जागी, एका आकारात राहत नाही, खुर्ची होता होता राहते, टेबल भिंतीत जातं, चेहरा तयार होतो आणि डोळे येण्याआधीच गळून पडतो. आणि काहीही कितीही पुसलं तरी आधीच्याचा डाग राहतोच. तो ओघळणारा चेहरा, ज्यावर तो छोटा रडला, तो कुणी घाबरवायला म्हणून मुद्दाम घातलेला नाही, सगळा सिनेमाच तसा बोलतो. डोकं दुखतं हे खरं आहे. मलाही दुखलं, पन्नासेक मिनिटांनंतर मी एकदा थांबवून पाणी पिऊन आले होते, आणि मला अजूनही वाटतं की मधला भाग थोडा आटोपशीर चालला असता, तेच तेच घडणं-मोडणं दोनदा जास्त होतं. सिनेमात दोष नाहीत असं माझं म्हणणं नाहीच. पण दोष सांगायला आधी तो पूर्ण बघायला लागतो.

आणि बाहेर याचं काय झालं तेही ऐका, कारण चार स्क्रीनशॉटच म्हणजे जगाचं मत असं ग्रुपवर पसरलंय. फेब्रुवारी २०१८ मध्ये हा बर्लिनच्या महोत्सवात फोरम विभागात पहिल्यांदा दाखवला गेला, तिथे त्याला कालिगारी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आनसीला, जिथे जगातले ॲनिमेशनवाले जमतात, ज्युरींनी त्याचा खास सन्मान केला. पुढे हॉलिवूडच्या एका मोठ्या सिनेमातल्या ॲनिमेशनच्या भागासाठी याच दोघांना बोलावलं गेलं. पुरस्कार मिळाला म्हणून आवडायलाच हवा असं नाही, मला स्वतःला कितीतरी पुरस्कारवाले सिनेमे आवडत नाहीत. पण निर्णय घेताना एकाच बाजूची कात्रणं समोर ठेवली गेली, हे बरोबर झालं नाही.

समीक्षा लिहिणाऱ्यांनाही, गावातल्या पेपरात लिहिणाऱ्या सरांपासून यूट्यूबवर बोलणाऱ्या आपल्या पोरापोरींपर्यंत सगळ्यांना, हात जोडून एक सांगायचंय. तुम्ही 'विचित्र', 'ट्रिपी', 'नाइटमेअर' म्हणता आणि थांबता. स्वप्नासारखं आहे हे खरं, पण कुणाचं स्वप्न, ते त्याला का पडतंय, तेवढं विचारा ना पुढे. सरळ चालणाऱ्या सिनेमात नायक गप्प बसला तरी तुम्ही चार परिच्छेद लिहिता, मग भिंतच बोलायला लागली की तुमचे शब्द का संपतात? सिनेमा आवडला नाही तर तसं लिहा, जरूर लिहा. फक्त वाचणाऱ्याला कळू दे की पडद्यावर काय होतं आणि तुम्हाला त्यातलं काय सहन झालं नाही. कारण तुमच्या दीड स्टारवरून आपल्या गावात काय दाखवायचं काय नाही ते ठरतंय, हे आता आपण बघितलं.

आणखी एक. निरोपात असंही होतं की 'लोक रविवारी विरंगुळ्यासाठी येतात.' येतात ना, मीही येते. पण अकरा वर्षांत आपण याच हॉलमध्ये युद्धाचे, उपासमारीचे, फाळणीचे सिनेमे बघितलेत, त्या वेळी लोक रडून बाहेर पडले आणि पुढच्या महिन्यात परत आले. तेव्हा कुणी दिवे लावले नव्हते. मग माणसांनी अभिनय केलेला सिनेमा भीती दाखवू शकतो आणि कागदाच्या लगद्यानं केलेला नाही, असं कसं चालेल? त्या दिवशी हॉलमध्ये मी शिकवते त्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी होती, आता कॉलेजात आहे. जाताना जिन्यात मला म्हणाली, मॅडम, मला पूर्ण बघायचा होता, मला माहितीय ते घर. एवढंच म्हणाली आणि गेली. मी तिला काही विचारलं नाही. तिच्यासाठी तरी तो सिनेमा शेवटपर्यंत चालायला हवा होता.

तर माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि त्यातल्या एकीलाही जास्तीचे पैसे लागत नाहीत.

'ला कासा लोबो' परत लावा, पूर्ण, फक्त मोठ्यांसाठी. आधी दहा मिनिटं ओळख, नंतर ज्यांना थांबायचंय त्यांच्यासाठी अर्धा तास गप्पा. ओळख मी वाचते, किंवा दुसरं कुणी वाचा, माझं नावही नको.

'डार्क ॲनिमेशन दाखवणार नाही' हा निर्णय मागे घ्या. तो घ्यायचाच असेल तर सभासदांच्या बैठकीत घ्या, सगळ्यांना बोलू देऊन. तोपर्यंत तो निर्णय नाही, फक्त एक निरोप आहे.

पोस्टरवर वय लिहा, प्रत्येक सिनेमाच्या, ॲनिमेशन असो नसो. सेन्सॉर बोर्डानंसुद्धा आता यूएचे ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन भाग केलेत, आपल्याला एक ओळ छापायला काय हरकत आहे? आणि सिनेमा बघितल्याशिवाय कुणीही त्याचं पोस्टर लिहू नये.

मुलांसाठी वेगळा रविवार ठेवा, सकाळचा. त्यांच्या वयाचे किती सुंदर सिनेमे आहेत, निवडायला मी येईन, पोरांना सांभाळायलाही येईन. त्या दिवशी जे तिघं रडले त्यांना पहिलं आमंत्रण द्या.

आणि ग्रुप उघडा. पत्रं आधी कुणीतरी वाचणार आणि मग पुढे जाणार, हे मी एकदा जगलेय. आपल्या क्लबमध्ये ते नको.

पुढची समितीची बैठक पहिल्या शनिवारी आहे असं कळलं. मी येणार आहे, सिनेमा पेनड्राइव्हवर घेऊन. ज्यांनी निरोपावर सह्या केल्यात त्यांनी त्याआधी एकदा शेवटची पंचेचाळीस मिनिटं माझ्याबरोबर बसून बघावीत, माझ्या घरी, चहा मी करते. बघून झाल्यावरही तुमचं मत तेच राहिलं तर ते मला तोंडावर सांगा, मी ऐकून घेईन.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपल्याच क्लबची
पहिल्या वर्षापासूनची एक सभासद